शाकारणी

काकांच्या मांडीवर फाईल होती आणि समोरची मुलगी कागदावर आकृत्या काढत होती. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. कर्करोग झालेला असेल तर आकृती काळी करायची, माणूस गेलेला असेल तर तिच्यावर तिरकी रेघ मारायची. ती जनुकीय समुपदेशक होती, वय फार तर अठ्ठावीस. मधोमध एक काळा चौकोन काढून तिनं विचारलं, "काका, तुम्हाला बहिणी किती?"

काकांचा प्रोस्टेटचा कर्करोग तोवर हाडांत उतरला होता. हा प्रश्न त्यांना अस्थानी वाटला. "दोन होत्या. पण त्यांचा इथं काय संबंध? हा पुरुषांचा आजार ना?"

"सांगा तर. कशानं गेल्या त्या?"

थोरल्या आत्याच्या छातीत गाठ होती. बेचाळिसाव्या वर्षी ती गेली, पण त्या गाठीबद्दल घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. धाकटीच्या पोटात पाणी भरलं, एवढंच आम्हा मुलांच्या कानावर आलं होतं. मुलीनं पहिला गोल काळा केला. दुसऱ्यापाशी ती थांबली. "अंडाशयाचा होता का?" काकांना ठाऊक नव्हतं. तिनं तिथं प्रश्नचिन्ह घातलं.

पुढं काकांच्या रक्ताचा अहवाल आला. ब्रॅका-२ नावाच्या जनुकात दोष होता, तोच ज्याला वर्तमानपत्रं 'स्तनाच्या कर्करोगाचं जनुक' म्हणतात. प्रोस्टेटच्या रुग्णाला त्याच्या बहिणींबद्दल विचारायचं असतं, हे वैद्यकाला सुचायला एका विचाराला सत्तरेक वर्षं चालत यावं लागलं. त्या दिवसापासून मी त्या विचाराचा माग काढतो आहे.

सुरुवातीला आनुवंशिकता ही शिलालेखासारखी वस्तू मानली जाई. हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये फळमाश्यांवर क्ष-किरण सोडून जनुकं बदलता येतात हे दाखवलं, पण त्यातूनही मनावर ठसलं ते असं की एवढा प्रहार केल्याशिवाय ती बदलत नाहीत. भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंजर यांनी १९४३ मध्ये डब्लिनला दिलेल्या व्याख्यानांत जनुकाला एका विशिष्ट प्रकारच्या स्फटिकाची उपमा दिली. पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी गोष्ट मुळातच टणक असली पाहिजे, असा तो तर्क होता. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची दुपेडी रचना मांडली. एक पेड बिघडला तर दुसऱ्यावरून तो पुन्हा लिहिता येईल, हे त्या आकृतीतच दिसत होतं. तरी दुरुस्तीचा विचार त्यांना शिवला नाही. ती गोष्ट आपल्या नजरेतून साफ निसटली, असं क्रिक यांनी १९७४ मध्ये मोकळेपणानं लिहिलं.

खरं तर पुरावा आधीच हाती आला होता. न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बरमध्ये अल्बर्ट केल्नर स्ट्रेप्टोमायसिस या जंतूंच्या बीजाणूंवर अतिनील किरण सोडत होते. किरणांनंतर किती जगतात ते मोजायचं, एवढंच काम. पण आकडे काही केल्या जुळेनात. आज हजारांतला एखादा जगे, तर उद्या त्याच मात्रेला कितीतरी पट अधिक जगत. तापमानाचा हा परिणाम असेल असं धरून ते महिनोन्‌महिने तापमान सांभाळत बसले. मग लक्षात आलं की फरक पडतो आहे तो खिडकीतून येणाऱ्या उजेडानं. ज्या बीजाणूंवर साधा दिवसाचा प्रकाश पडला, ते मरणाच्या दारातून परत येत होते. हे साल १९४९. त्याच वर्षी रेनातो दुल्बेको यांना विषाणूंत तेच दिसलं. पेशीत काहीतरी असं होतं, जे उजेडाच्या बळावर झालेली इजा भरून काढत होतं. केल्नर यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. न जुळणारे आकडे हातचलाखीनं जुळवून टाकता येतात आणि मग निबंध वेळेत छापूनही येतो. ते त्या न जुळण्यापाशीच थांबून राहिले.

साठच्या दशकात कळलं की अंधारातही दुरुस्ती चालते. बिघडलेला तुकडा कापून काढायचा आणि समोरच्या पेडावरून नवा विणायचा. रफू करणारा कारागीर कापडाचाच धागा काढून भोक भरतो, तसं. पण ही सगळी किरणांनी जखमी केलेल्या पेशींची गोष्ट होती. किरणांपासून लांब, शांतपणे जगणाऱ्या पेशीला दुरुस्तीची गरज काय, हा प्रश्न शिल्लक होता.

तो विचारला टोमास लिंडाल यांनी. अमेरिकेत शिकत असताना आरएनए उष्णतेनं किती झटकन मोडतो हे त्यांनी पाहिलं होतं. स्टॉकहोमला परतल्यावर त्यांनी डीएनएचं विघटन मोजायला घेतलं. नुसत्या पाण्यात, शरीराच्या तापमानाला, कोणीही हात न लावता डीएनए झिजत होता. हिशोब निघाला तो असा की माणसाच्या एकेका पेशीत दिवसाला सुमारे १०,००० ठिकाणी त्यातली अक्षरं गळून पडतात. या वेगानं झीज होत असेल तर माणूस जगणंच शक्य नाही. म्हणजे कोणीतरी ती सतत भरत असलं पाहिजे. १९७४ मध्ये त्यांना तसं काम करणारं पहिलं विकर सापडलं. २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना मिळालं, ते या दुरुस्तीच्या वेगवेगळ्या वाटा उलगडल्याबद्दल.

मला इथं आमचं कोकणातलं घर आठवतं. मृगाच्या आधी काका स्वतः छपरावर चढून घर शाकारायचे. नळे उतरवायचे, फुटके बाजूला काढायचे, वासे ठोकून पाहायचे, मग पुन्हा ओळीनं रचायचे. वाटसरूला ते घर शंभर वर्षं 'उभं' दिसतं, पण दरवर्षीच्या शाकारणीवाचून ते दहा पावसाळेही निघालं नसतं. लिंडाल यांच्यानंतर जनुकाकडे पाहण्याची नजर अशी बदलली. टिकाऊपणा हा त्या द्रव्याचा गुण राहिला नाही. कोणीतरी रोज करत असलेल्या कामाचं ते फळ ठरलं.

शाकारणी चुकली तर काय होतं, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्येच दाखवलं होतं. झेरोडर्मा पिगमेंटोसम या दुर्मीळ आजारातल्या मुलांना ऊन सोसत नाही आणि कोवळ्या वयात त्वचेचे कर्करोग होतात. त्यांच्या पेशींना कापून-विणण्याची दुरुस्ती जमत नव्हती. कर्करोग बाहेरून होणाऱ्या माराइतकाच घरातल्या हलगर्जीनंही होतो, ही कल्पना तिथं रुजली.

प्रोस्टेटची गोष्ट मात्र वेगळ्याच रस्त्यानं चालली होती. १९४१ मध्ये शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं की पुरुष-संप्रेरक काढून घेतलं की पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोगही आक्रसतो. वेदनेनं अंथरुणाला खिळलेली माणसं उठून बसली. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं आणि पुढची कित्येक दशकं प्रोस्टेट म्हणजे संप्रेरक हे समीकरण पक्कं झालं. त्यानं लाखोंचं आयुष्य वाढवलं, पण दुसरा काही प्रश्न विचारण्याची गरजही कमी केली.

स्तनाच्या कर्करोगाकडे बघताना आनुवंशिकता आणि संप्रेरक या दोन्ही गोष्टी एकत्र धरणारी माणसं आपल्याकडेही होती. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत वसंत खानोलकरांच्या हाताखाली संशोधन केलं, भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली आणि उंदरांवरच्या कामातून आनुवंशिक कल, संप्रेरकं आणि विषाणू यांची सांगड तपासली. त्या काळात जनुकांची नावं कोणाला ठाऊक नव्हती. तरी कारणं एकेकटी काम करत नाहीत, हे त्यांनी ओळखलं होतं.

नावं नव्वदच्या दशकात मिळाली. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये सतराव्या गुणसूत्रावर जागा दाखवली, १९९४ मध्ये ब्रॅका-१ हाती आलं, १९९५ मध्ये ब्रॅका-२. नावात 'ब्रेस्ट कॅन्सर' असल्यामुळे ही बायकांची जनुकं ठरली. ती शरीरात नेमकं काय करतात हे दोन वर्षांनी उमगू लागलं. डीएनएचे दोन्ही पेड एकाच ठिकाणी तुटले की समोरून बघून लिहायला काही उरत नाही. तेव्हा जुळ्या प्रतीकडे जाऊन, तिच्यावरून हुबेहूब मजकूर उतरवून आणण्याचं सर्वांत नाजूक काम ही जनुकं सांभाळतात. हे काम स्तनातच चालतं असं नाही. ते विभागणाऱ्या प्रत्येक पेशीत चालतं, बाईच्या आणि पुरुषाच्या. १९९९ मध्ये ब्रॅका-२ च्या कुटुंबांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पुरुषांना प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका चौपटीहून अधिक निघाला. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. पुढची पंधरा-वीस वर्षं तपासणीच्या रांगेत बायकाच उभ्या राहिल्या. हे चुकीचं नाव पुरुषांना महाग पडलं, असं माझं मत आहे. बायकांनाही पडलं, कारण दोष बापाकडूनही लेकीकडे येतो आणि बापाच्या बाजूचा इतिहास कोणी विचारतच नव्हतं.

२००५ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन निबंध आले. पार्प नावाचं विकर एकेरी पेडावरच्या बारीक चिरा बुजवतं. ते औषधानं बंद केलं तर चिरांचे पुढं दुहेरी तुकडे होतात. निरोगी पेशी ब्रॅकाच्या मदतीनं ते सांधते. ज्या कर्कपेशीत ब्रॅकाच्या दोन्ही प्रती गेलेल्या आहेत, तिला दुसरी वाट नसते, ती मरते. काकांच्या बाकी शरीरात एक प्रत शाबूत होती, म्हणून औषध निवड करू शकत होतं. कर्करोगाला ज्या उणिवेनं जन्म दिला, तिथंच त्याला धरायचं.

२०१५ मध्ये लंडनच्या एका गटानं हे औषध, ओलापारिब, इतर उपाय थकलेल्या प्रोस्टेटच्या रुग्णांना देऊन पाहिलं. ज्यांचे निकाल मोजता आले अशा ४९ जणांपैकी १६ जणांच्या गाठींत दुरुस्तीच्या जनुकांचे दोष होते. त्या १६ पैकी १४ जणांना गुण आला. पुढच्या वर्षी पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग असलेल्या ६९२ पुरुषांची तपासणी झाली. घराण्यात कोणाला कर्करोग होता की नाही हे न बघता त्यांची निवड झाली होती, तरी ११.८ टक्के पुरुषांत जन्मापासूनचा असा दोष मिळाला. म्हणजे बहिणींबद्दल नुसतं विचारूनही भागत नाही, रक्त तपासावं लागतं. २०२० मध्ये अमेरिकेत प्रोस्टेटसाठी हे औषध मान्य झालं.

संप्रेरकाचा रस्ता आणि दुरुस्तीचा रस्ता मध्येच कुठंतरी एकमेकांना मिळाले, आणि मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. रेडिएशनसोबत संप्रेरक रोखणारी औषधं दिली तर रुग्ण जास्त जगतात, हे युरोपातल्या एका चाचणीनं १९९७ मध्ये दाखवलं होतं. का, ते २०१३ मध्ये कळलं. पुरुष-संप्रेरकाचा पेशीतला ग्राही दुरुस्तीच्या जनुकांना कामाला लावतो. संप्रेरक काढून घेतलं की कर्कपेशीची डागडुजी मंदावते आणि किरणांचा घाव खोल जातो. हगिन्स यांच्या उपचारात शाकारणीची गोष्ट आधीपासून दडलेली होती.

मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल आणि प्रजनन आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. काकांच्या फेऱ्यांत त्या बाजूला गेलो की वाटायचं, या दोन इमारतींमधला विषय एकच आहे. कारण शुक्राणू आणि बीजांड तयार होताना पेशी स्वतःचा डीएनए मुद्दाम तोडते, शेकडो ठिकाणी. तोडणारं प्रथिन १९९७ मध्ये सापडलं. आई-बापांकडून आलेली गुणसूत्रं त्या तुकड्यांतूनच एकमेकांत मिसळतात, आणि मग ब्रॅका-२ सारखे कामगार ती सांधतात. पुढं शुक्राणू इतका आवळून बांधला जातो की त्याला स्वतःची दुरुस्ती करता येत नाही. वाटेत झालेली मोडतोड बीजांड भरून काढतं. बापाच्या वयाच्या प्रत्येक वर्षागणिक मुलात सुमारे दोन नवे बदल जास्त उतरतात, असं २०१२ मध्ये आइसलंडच्या ७८ कुटुंबांवरून दिसलं. मूल होत नाही म्हणून आजवर एकट्या सुनेला दवाखान्यात पाठवणाऱ्या घरांनी हे ऐकायला हवं.

बीजांडांची मिळकत तर मुलगी आईच्या पोटात असतानाच ठरते. ती दशकानुदशकं सांभाळायची म्हणजे पुन्हा शाकारणी आलीच. २०२१ मध्ये सुमारे दोन लाख स्त्रियांच्या अभ्यासात रजोनिवृत्तीच्या वयाशी जोडलेल्या २९० जागा जनुकसंचात मिळाल्या, आणि त्यांत दुरुस्तीच्या कामाची जनुकं ठळकपणे पुढं आली. त्याच अभ्यासात चेक-२ हे जनुक काढलेल्या उंदराच्या माद्यांची बीजांडं जास्त काळ टिकली. यावरून रजोनिवृत्ती लांबवण्याच्या औषधाची स्वप्नं लगेच रंगवली गेली. मला ती घाई पटत नाही. हे जनुक बिघडलेली बीजांडं बाद करणारं आहे, आणि त्यातला दोष स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवतो हे आपल्याला माहीत आहे. पहारेकऱ्याला घरी पाठवलं की कोठार भरलेलं दिसतं. आत काय साठलं ते तपासायला कोणी उरत नाही.

काकांना ओलापारिबनं पावणेदोन वर्षं दिली. हिमोग्लोबिन घसरायचं, मध्ये दोनदा रक्त चढवावं लागलं, पण पाठीचं दुखणं गेलं आणि एका मे महिन्यात ते गावच्या अंगणात खुर्ची टाकून गड्यांना नळे कसे रचायचे ते सांगत बसले. पुढं गाठ पुन्हा वाढली. कर्कपेशी कधी कधी आपल्या बिघडलेल्या ब्रॅका जनुकातच नवा बदल घडवून ते चालू करून घेतात. औषधातून सुटायला त्याही दुरुस्तीच करतात.

पण मला सांगायचा आहे तो अहवाल आला त्याच दिवसाचा प्रसंग. समुपदेशक मुलीनं काकांच्या चौकोनाखाली दोन रेघा ओढल्या, एक मुलाची, एक मुलीची, आणि दोघांनाही हा दोष मिळाला असण्याची शक्यता निम्मी आहे असं समजावलं. काका बराच वेळ वरच्या ओळीतल्या त्या प्रश्नचिन्हाकडे बघत होते. बाहेर येऊन बाकावर बसल्यावर त्यांनी खिशातून फोन काढला आणि मुलीला लावला.

"माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तुझ्या धाकट्या आत्याचे दवाखान्याचे कागद असतील. पिवळी पिशवी. शोध आणि वाचून दाखव मला," ते म्हणाले. "आणि रविवारी दादाला घेऊन ये. तुमच्या आत्यांबद्दल बोलायचंय."