२७० रुपये

भोर हे एकेकाळचं पंत सचिवांचं संस्थान. महाल-परगण्यांचे हिशेब तपासणं हे शिवकाळात सचिवाच्या कामांपैकी एक होतं. त्याच भोरमध्ये बी.कॉम. झालेल्या एका मुलीने पुण्याची नोकरी सोडली आणि राजवाड्यापलीकडच्या गल्लीत ‘हिशेब लिहून मिळतील’ अशी पाटी लावली. टॅली येत होतं, जीएसटीचं रिटर्न भरता येत होतं. गिऱ्हाईक मात्र येईना. ती दुकानोदुकानी फिरली. चहा सगळ्यांनी पाजला, वही कुणी उघडली नाही. खत-बियाण्याच्या दुकानातले काका म्हणाले, “पोरी, उधारीची वही मी घरच्यांनाही दाखवत नाही.”

काकांचं चुकत नव्हतं. कुणाकडे किती थकलंय, डोक्यावर कर्ज किती, हे सगळं वहीत उघडं पडलेलं असतं. दुकानदाराला कर अधिकाऱ्याइतकीच शेजाऱ्याचीही धास्ती असते.

पहिलं काम आलं तोरण्याच्या पायथ्याच्या एका बचत गटाकडून. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण माणसांच्या तोंडी अजून वेल्हंच. गटाच्या रोख शिलकेत २७० रुपये कमी भरत होते. रक्कम लहान, पण खजिनदार काकूंकडे बघायची नजर बदलली होती. दोघीतिघींनी बैठकीला येणंच सोडलं होतं.

चेलाडी फाट्यावरून एसटी धरून मुलगी पोहोचली. ओसरीवर वह्या पसरल्या. आधी तिने २७० ला नवाने भागलं. पूर्ण भाग गेला. शेजारचे दोन आकडे उलटे लिहिले गेले, की फरकाला नवाने भाग जातोच. मग बोट ठेवून एकेक हप्ता पासबुकांशी ताडत गेली. एका बाईच्या पासबुकात ३६०, गटाच्या वहीत ६३०. पैसे गेलेच नव्हते, जमाच जास्त लिहिली होती. खाडाखोड न करता तिने एक रेघ मारली, वर खरा आकडा लिहिला, तारीख घातली, अध्यक्षबाईंची सही घेतली. काकूंनी ती ओळ सगळ्यांसमोर मोठ्याने दोनदा वाचायला लावली. चुकीची नोंद कुणाच्या हातची, हे अक्षरावरून कळत होतं. मुलीने ते काढलंच नाही. ठरलेला मेहनताना घेतला आणि पावती दिली.

बातमी भोरच्या बाजारात आलीच.

“काय गं, गटाचे पैसे कुणी खाल्ले?” काकांनी विचारलं.

“कुणीच नाही. बाकीचं गटाला विचारा.”

“मला सांगायला काय होतंय? मी कुणाला बोलणारे?”

“काका, उद्या तुमच्याबद्दल कुणी विचारलं, तर त्यालाही मी काही सांगणार नाही.”

काका गप्प झाले. थोड्या वेळाने गल्ल्याखालून त्यांनी बिलांनी भरलेली पिशवी ओढून काढली.

“वीस तारखेच्या आत रिटर्न जायला हवं. वही इथून हलणार नाही, इथेच बसून लिहायचं.”

“चालेल,” ती म्हणाली. “आधी खरेदीची बिलं तारखेवार लावून घेऊ.”