वाचणारा एकटा नसतो

शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला जाणारे शेजारी विदर्भात राहणाऱ्या आम्हा ख्रिस्ती कुटुंबांना नवे नाहीत. घरोघरी चालणारे 'श्री गजानन विजय' ग्रंथाचे पारायणही आम्ही जवळून पाहत आलो आहोत. दासगणू महाराजांनी रचलेला हा ओवीबद्ध ग्रंथ एकवीस अध्यायांचा आहे. कोणी तो एका बैठकीत वाचतात, कोणी तीन दिवसांत. पण आमचे लक्ष वेधून घेतले ते 'चक्री पारायणा'ने. यात एकवीस जण एकत्र येतात. प्रत्येकाने रोज एकच अध्याय वाचायचा आणि दुसऱ्या दिवशी पुढचा घ्यायचा. अशा रीतीने रोज सर्वांचे मिळून एक पारायण होते आणि एकवीस दिवसांनी प्रत्येकाचा संपूर्ण ग्रंथ वाचून होतो.

एका शेजारीण काकूंना आम्ही विचारले, "एखाद्या दिवशी एकीचे वाचायचे राहिले तर?" त्या म्हणाल्या, "मग त्या दिवशीचे पारायण कोणाचेच झाले नाही." हे उत्तर आमच्या मनात घर करून राहिले. आज आम्ही वाचकांपुढे जो प्रश्न ठेवणार आहोत, तो त्यातूनच निघाला आहे. अनेकांनी मिळून केलेल्या कृतीत माझा वाटा किती? आणि जबाबदारी किती?

वाचन म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे एकटा, गप्प बसलेला माणूस येतो. पण इतिहासात बहुतेक काळ वाचन मोठ्याने आणि चारचौघांत होत असे. चौथ्या शतकात मिलान शहरात संत ॲम्ब्रोस आवाज न करता, नुसते डोळे पानावरून फिरवत वाचत असत. संत ऑगस्टीन यांना ते इतके वेगळे वाटले की त्यांनी आपल्या आत्मकथनात त्याची नोंद केली आणि त्यामागचे कारण काय असावे याचा तर्कही केला. आपल्याकडेही फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले, ते ओव्यांत. म्हणजे ते ऐकण्यासाठी, मंडळीत म्हणण्यासाठी होते. त्या जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. घराघरांत जपलेल्या हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले. कितीतरी अनाम हातांनी आपापल्या वाट्याची पाने लिहून काढली, म्हणून ते आपल्यापर्यंत आले.

अर्थात, जुने ते सगळे चांगले असे आम्ही म्हणणार नाही. जे वाचून दाखवले जाई ते ऐकून घेणेच अनेकांच्या नशिबी होते. स्त्रियांना आणि शूद्रातिशूद्रांना अक्षरापासून दूर ठेवले गेले होते. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा सावित्रीबाईंना शेणमाती झेलावी लागली. स्वतः, एकट्याने, मनात वाचता येणे ही मोठी मुक्ती होती आणि आहे.

मग आज काय झाले आहे? मोबाईलवर आपण वाचतो एकट्याने, मनातल्या मनात. पण एका बोटाने ते शेकडोंना पोहोचवतो. चारचौघांत वाचताना "हे कोणी सांगितले रे?" असे विचारणारे एखादे आजोबा समोर असत. इथे ते नाहीत. एकांताचा वेग आहे, पण परिणाम मात्र गर्दीचा आहे.

१ जुलै २०१८. रविवारच होता, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते भिक्षा मागून पोट भरणारे होते. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाईलवरून गावोगाव पसरलेली होती. त्या अफवेचा मजकूर पुढे पाठवणाऱ्या किती जणांना वाटले असेल, की या पाच मृत्यूंशी आपला काही संबंध आहे? प्रत्येकाने फक्त एक बोट हलवले होते.

असल्या गोष्टींचा अभ्यास करणारे एक शास्त्र गेल्या काही दशकांत उभे राहिले आहे. अमेरिकेत १९८४ साली स्थापन झालेल्या सांता फे इन्स्टिट्यूटमध्ये भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, अर्थशास्त्र अशा निरनिराळ्या विषयांचे लोक एकत्र बसून मुंग्यांचे वारूळ, बाजारपेठ, शहर यांचा विचार करतात. सुट्या भागांत नसलेले काहीतरी त्यांच्या एकत्र येण्यातून कसे निर्माण होते, हा त्यांचा प्रश्न.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ साली एक साधे उदाहरण मांडले. चौकात शंभर माणसे आहेत. पहिला कोणाचीही वाट न पाहता दगड मारतो. दुसरा, एकाने मारलेला पाहिला की मारतो. तिसरा, दोघांनी मारलेले पाहिले की मारतो. असे करत करत शंभरही जण दंगलीत उतरतात. आता फक्त एक बदल करा. तो दुसरा माणूस थोडा अधिक सबुरीचा आहे. दोघांनी मारल्याशिवाय तो मारत नाही. मग पहिल्याचा एक दगड पडतो आणि सगळे तिथेच थांबते. बाकी नव्याण्णव माणसे तीच आहेत!

"माझ्या एकट्याने काय फरक पडतो?" या आपल्या नेहमीच्या सबबीला यात उत्तर आहे. पुष्कळदा खरेच काही फरक पडत नाही. पण कधी पडतो आणि साखळीतला तो दुसरा माणूस आपणच आहोत का, हे त्या क्षणी आपल्याला कळत नाही. म्हणूनच प्रत्येक वेळी थांबायचे.

सारा भार एकेकट्यावर टाकणेही न्यायाचे नाही. व्यवस्था बदलावी लागते. २०१८ सालच्या जुलैमध्येच व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा घालण्यास सुरुवात केली. ते आवश्यकच होते. पण पाच ही संख्या कंपनीने ठरवली. शून्य ठरवण्याचा अधिकार आजही आपल्याच बोटात आहे.

हे लिहिताना आम्ही स्वतःला वगळत नाही. खात्री न करता आलेला मजकूर आम्हीही नातेवाइकांच्या ग्रुपवर ढकलला आहे आणि तो खोटा निघाल्यावर 'सगळ्यांनीच पाठवला होता' असे म्हणून सुटलो आहोत. मिस्साच्या आरंभी आपण विचार, शब्द आणि कृतीबरोबरच कर्तव्यात केलेल्या कसुरीबद्दलही क्षमा मागतो. 'सगळ्यांनी' नव्हे, 'मी' असे म्हणतो. पाप शंभर जणांत वाटले म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला शंभरावा भाग येत नाही.

या आठवड्यात एक करून पाहू या. पुढे पाठवण्याआधी तो मजकूर घरातल्या एका तरी माणसाला मोठ्याने वाचून दाखवू या. जे समोरासमोर वाचताना जीभ अडखळते, ते पाठवायचे नाही. शेजारच्या काकूंचा हिशेब सोपा आहे: एकीचे राहिले तर सगळ्यांचे राहिले. तोच हिशेब उलटाही खरा आहे. एक जण थांबला, तर कदाचित सगळे वाचतील.