खोडी, न्याय आणि क्षमा

बापाच्या टोपीला आतून चिकट गोंद लावून ठेवणाऱ्या मुलीला शिक्षा करावी की तिचे कौतुक करावे? रोआल्ड डाल यांच्या १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मटिल्डा’ या बालकादंबरीवरील इंग्रजी संगीतिका २०२४ साली मुंबईच्या नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्रात झाली. नागपूरहून जाऊन आम्ही ती पाहिली. या खोडीला मुलांइतक्याच मनापासून वडीलधाऱ्यांनीही टाळ्या दिल्या, आणि आम्ही विचारात पडलो.

मटिल्डाचा बाप गिऱ्हाइकांना फसवून जुन्या गाड्या विकतो आणि पुस्तकवेड्या मुलीची हेटाळणी करतो. ‘आईबापांचा मान राख’ ही चौथी आज्ञा आपण मुलांकडून पाठ करवून घेतो. परंतु इफिसकरांस लिहिताना संत पौल बापांनाही बजावतात की, मुलांना चिडीस आणू नका. आज्ञेची ही दुसरी बाजू आपण सोयीस्करपणे विसरतो. जे करणे पाप आहे अशी सद्सद्विवेकाची खात्री असेल, तेथे मुलाने आज्ञा पाळू नये, असे ख्रिस्तसभेची शिकवणही सांगते.

तरीही खोडी म्हणजे न्याय नव्हे. छळल्या जाणाऱ्या वर्गमित्राच्या बाजूने बोलणे हा न्याय; बापाचे केस हिरवे करून मनात हसणे हा सूड, मग तो कितीही लहान असो.

हा भेद संगीतिकेने ओळखला आहे, असे आम्हांस वाटते. मूळ पुस्तकात चोरीच्या गाड्यांचा व्यवहार अंगाशी येताच आईबाप स्पेनला पळतात आणि मुलगी मागे राहते. डेनिस केली यांच्या रंगमंचीय संहितेत मात्र बापाने फसविलेले रशियन गुंड समोर येऊन उभे राहतात, तेव्हा मटिल्डाच त्याला वाचविते. आजवर तिला ‘मुलगा’ म्हणणारा बाप प्रथमच तिला मुलगी मानतो. ती मात्र त्याच्याबरोबर जात नाही. हनी बाईंकडेच राहते. क्षमा करणाऱ्याने पुन्हा छळाच्या स्वाधीन व्हावे, असा क्षमेचा अर्थ नाही.

आमच्या सदरमधील कॅथेड्रल ज्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाचे आहे, ते सौम्यतेसाठी ख्यात होते. आणि हेच संत शाब्ले प्रांतात जिवावर उदार होऊन फिरले. मुलांना सौम्यता शिकविताना हे धैर्यही आपण शिकवितो का, की त्यांच्या मुकाट्यालाच सद्गुण म्हणतो?