दारावर उभे असलेले

ऑस्ट्रेलियाच्या लष्कराने 19 नोव्हेंबर 2020 रोजी एक चौकशी अहवाल प्रसिद्ध केला. त्यातला बराच मजकूर काळ्या पट्ट्यांखाली झाकलेला होता, पण जो उघडा राहिला तोही सुन्न करणारा होता. न्यू साउथ वेल्समधले न्यायाधीश आणि राखीव दलातले मेजर जनरल पॉल ब्रेरटन यांनी चार वर्षे घालवून, 423 साक्षीदारांना विचारून असे नोंदवले होते की अफगाणिस्तानात ऑस्ट्रेलियाच्या विशेष दलांनी 39 माणसांना बेकायदा ठार केल्याची विश्वासार्ह माहिती आहे आणि 25 आजी-माजी सैनिक त्यात करते किंवा साथीदार आहेत. ‘विश्वासार्ह माहिती’ म्हणजे न्यायालयात सिद्ध झालेला गुन्हा नव्हे, हे अहवालाने स्वतःच बजावले आहे. मात्र एका बाबतीत त्याने संदिग्धता ठेवलेली नाही. यातले एकही प्रकरण लढाईच्या धुमश्चक्रीत घडलेले नाही. गोळ्या सुटत असताना, धूळ उडालेली असताना कुणाचा तरी अंदाज चुकला, असे एकाही ठिकाणी झालेले नाही. मेलेली माणसे लढत नव्हती किंवा लढण्याच्या स्थितीत उरली नव्हती. काही तर ताब्यात घेतलेले कैदी होते.

अहवालातल्या दोन प्रथा नीट पाहण्यासारख्या आहेत. पहिली दीक्षेची. नव्याने आलेल्या सैनिकाला त्याच्या गस्ती तुकडीचा प्रमुख एखाद्या कैद्याला गोळी घालायला सांगायचा, म्हणजे त्याची ‘पहिली शिकार’ होऊन जायची. दुसरी प्रथा पुराव्याची. सोबत आणलेले परके पिस्तूल, बिनतारी संच किंवा हातबॉम्ब प्रेताशेजारी ठेवून फोटो काढायचा, की मेलेला माणूस आपोआप शत्रू ठरतो. (मुंबईतल्या चकमकींच्या बातम्या वाचत वाढलेल्या वाचकाला ही युक्ती समजावून सांगायला नको.) या दोन्ही गोष्टींत संताप नाही, भीती नाही, सूडाची आगसुद्धा नाही. आहे ती पूर्वतयारी. प्रेताजवळ ठेवायचे पिस्तूल पहाटे छावणीतून निघतानाच पिशवीत असावे लागते. म्हणजे नियम कोणता आणि तो आपण मोडणार आहोत, याची करणाऱ्याला आधीच पुरती कल्पना असते. युद्धात नीतीचे भान सुटते, हा नेहमीचा खुलासा इथे लागूच पडत नाही. भान शाबूत होते, फक्त ते झाकाझाकीच्या कामाला लावलेले होते. गोळी झाडणाऱ्याच्या दोषाबद्दल त्यामुळे तात्त्विक अडचण अशी उरत नाही. अडचण सुरू होते ती त्याच्या वर बसलेल्यांपाशी.

ब्रेरटन यांच्या मते गुन्हे ठरले, घडले आणि दडपले गेले ते गस्ती तुकड्यांच्या पातळीवर, म्हणजे सार्जंट आणि कॉर्पोरल दर्जाच्या अनुभवी माणसांच्या हाताखाली. त्यांच्या वरचे अधिकारी वयाने लहान, बदलून येणारे आणि बदलून जाणारे. त्यांना हे गुन्हे ठाऊक होते असा पुरावा मिळाला नाही. म्हणून अहवालाने त्यांच्यावर फौजदारी ठपका ठेवला नाही, नैतिक जबाबदारी मात्र ठेवली. पण हे ‘ठाऊक नव्हते’ घडले कसे, याचा तपशीलही त्याच अहवालात विखुरलेला आहे. कारवाईनंतरचे वृत्तांत ठरावीक साच्याच्या भाषेत लिहिले जात, गोळीबाराचे नियम पाळल्यासारखे दिसतील अशा बेताने. गावकरी तक्रार घेऊन आले तर ते तालिबानच्या सांगण्यावरून किंवा भरपाईच्या पैशासाठी बोलत आहेत, असे धरले जाई. तेच जवान पुन्हा पुन्हा त्याच युद्धात पाठवले जात होते, कारण सरकारला आपली हानी कमी आणि निकाल चोख हवा होता. कान असलेल्या माणसांनी वर्षानुवर्षे ऐकू न येण्याची अशी व्यवस्था लावून ठेवली, तर त्या बहिरेपणाला निष्पाप म्हणायचे का?

कायद्याने यावर दोन वेगळी उत्तरे दिली आहेत. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम संविधीनुसार लष्करी सेनापतीला ठाऊक असले पाहिजे होते, एवढेही त्याला जबाबदार धरायला पुरते. ऑस्ट्रेलियाने आपल्या फौजदारी संहितेत हीच तरतूद घेताना कसोटी कडक केली: सेनापतीला ठाऊक हवे, नाहीतर त्याने धोका समोर दिसत असताना बेपर्वाई केलेली हवी. फरक थोड्या शब्दांचा असला तरी अख्खी अधिकारी श्रेणी त्यातून निसटून जाऊ शकते. जपानी सेनापती यामाशिता यांना मनिलातल्या अत्याचारांबद्दल 1946 मध्ये फाशी झाली, तेव्हा आपल्या सैन्याशी आपला संपर्कच तुटला होता, हा त्यांचा बचाव जेत्यांनी ऐकून घेतला नव्हता. पराभूतासाठी लावलेली कसोटी आणि स्वतःसाठी लिहिलेली कसोटी यांतले अंतर लपत नाही.

अजाणतेपणाचा प्रश्न मात्र कायद्याहून जुना आहे. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात त्याची चर्चा आहे: आपल्या अज्ञानाला माणूस स्वतःच कारण असेल, तर ते अज्ञान त्याला वाचवत नाही, कारण काळजी घेणे त्याच्या हातात होते. ‘मिलिंदपञ्ह’मधला नागसेन तर राजाला चकित करणारे उत्तर देतो. अजाणता पाप करणाऱ्याचे पाप जास्त, कारण तापलेला लोखंडी गोळा न कळता धरणाऱ्याचा हात अधिक भाजतो. जाणत्याला निदान हात आखडता घेता येतो. हा संवाद ज्या मिनँडर राजाशी झाला असे मानतात, त्याचे राज्य आजच्या अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या भूमीवरच होते, हा योगायोग. नागसेनाचे म्हणणे न्यायालयात टिकणार नाही आणि टिकूही नये. पण संस्थेबद्दल ते तंतोतंत खरे आहे. जाणून गुन्हा करणारा सैनिक कधीतरी थांबू शकतो. ज्या यंत्रणेला आपण काय धरले आहे हेच कळत नाही, ती हात सोडणार कशी?

महाभारतातल्या सौप्तिकपर्वाइतका या प्रश्नाचा सखोल विचार मला दुसरीकडे आढळलेला नाही. रात्रीची धाड, निवडक तिघेच, आणि समोर झोपलेले सैन्य. झोपलेल्यांना मारू नये, आधी धृतराष्ट्र, गांधारी, विदुर यांचा सल्ला घेऊ, असे कृपाचार्य सांगतात. अश्वत्थामा उत्तर देतो की धर्माचा बांध पांडवांनी आधीच फोडला आहे. शस्त्र ठेवलेल्या बापाला मारले, चाक रुतलेल्या कर्णाला मारले. तो रथावर चढतो, आणि आत्ताच अधर्म म्हणून बजावणारे कृप त्याच्या मागोमाग निघतात. ते आत शिरत नाहीत. कृतवर्म्यासह छावणीच्या दारावर उभे राहतात, पळून येणाऱ्यांना कापतात आणि मग छावणीला आग लावतात. पुढे अश्वत्थाम्याच्या कपाळावरचा मणी जातो, हजारो वर्षे भटकण्याचा शाप मिळतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या अस्तंभ्याच्या डोंगरावर दिवाळीच्या सुमारास आजही त्याच्या नावाने यात्रा भरते. आणि कृपाचार्य? पांडव राज्य सोडून निघतात तेव्हा युधिष्ठिर परीक्षिताला त्यांच्याच हाती शिष्य म्हणून सोपवतो. ज्या रात्री पांडवांची पाच मुले मारली गेली, त्या रात्री दारावर असलेला माणूस त्यांच्या नातवाचा गुरू होतो. महाभारतकार यावर भाष्य करत नाही.

इथे कुणी म्हणेल की तुलना लंगडी आहे: कृपांना सगळे ठाऊक होते, ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्यांना नव्हते. हा फरक मोठाच आहे, आणि म्हणूनच कृपांचा दोष त्यांच्यावर जसाच्या तसा ठेवता येणार नाही. पण दाराचे काम कोणते, ते पाहावे. आतला आवाज बाहेर जाऊ नये आणि आतला माणूस बाहेर निसटू नये. साच्यातले वृत्तांत आणि फेटाळलेल्या तक्रारी हेच काम करत होत्या. कृप जाणून दारावर होते. इथे दार असे बांधले होते की त्यावर उभ्या असलेल्याला आपण दारावर आहोत हे कळू नये. त्याने वैयक्तिक पातक कमी होत असेल. पण ते दार बांधणाऱ्यांचा, म्हणजे मंत्री, सेनामुख्यालय आणि ‘ते आपले सर्वोत्तम जवान, त्यांना विचारू नका’ म्हणणारा समाज यांचा, हिशेब त्याने संपत नाही.

अश्वत्थाम्याचा युक्तिवादही आज ताजा आहे. तालिबान गणवेश घालत नव्हते, शेतकऱ्यांत मिसळत होते, मग नियम एकट्यानेच का पाळायचे? लढाईपुरते त्यात तथ्य आहे. शत्रू ओळखू न येणे ही सैनिकाची खरी कोंडी आहे आणि तिथल्या चुकांना माफीही असावी. पण हात बांधलेला कैदी ओळखू न येण्याचा प्रश्न नसतो. दुसरा आधार गीतेचा घेतला जातो: मारणारा निमित्तमात्र, कर्तेपण दुसऱ्याचे. मात्र गीता सुरू होते ती लढण्याआधी रथ थांबवून शंका विचारणाऱ्या माणसापासून. सेनापतींच्या रांगेतला सर्वांत कुशल धनुर्धर धनुष्य खाली ठेवतो, आणि त्याला कुणी भित्रा ठरवून तुकडीतून हाकलत नाही. त्याला पुढचे सतरा अध्याय उत्तर दिले जाते आणि शेवटी निर्णय त्याच्यावर सोडला जातो. ‘पहिल्या शिकारी’ची प्रथा नेमकी ती शंकाच मारण्यासाठी होती. त्या कोवळ्या सैनिकाला गीतेतले निमित्त म्हणणे हा गीतेचाच अपमान आहे.

वर बोट दाखवले की खालचा सुटतो, हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. जबाबदारी सगळ्यांची म्हटली की ती कुणाचीच उरत नाही, हे आपण सरकारी चौकश्यांत रोज पाहतो. पण हा दोष जबाबदारी वाटण्याचा नाही, ती मोघम वाटण्याचा आहे. जबाबदारीचा साठा ठरावीक नसतो. सेनापतीवर दोष ठेवल्याने सैनिकाचा दोष रतिभरही घटत नाही, कारण दोघांनी केलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत. एकाने माणूस मारला, दुसऱ्याने विचारायचे टाळले. दोघांना वेगळ्या कलमाखाली, वेगळ्या शिक्षेने उत्तर देता येते. ऑस्ट्रेलियात सुरुवातीला झाले ते याच्या उलट. संरक्षण दलप्रमुख अँगस कॅम्पबेल यांनी अख्ख्या विशेष दलाचे सामूहिक मानपत्र परत घेण्याचे जाहीर केले. 2021 मध्ये संरक्षणमंत्री पीटर डटन यांनी तो निर्णय रद्द केला. मानपत्र राखण्याच्या बाजूने प्रामाणिक सैनिकांचा युक्तिवाद होता आणि तो मला पटतो. ज्याने काही केले नाही त्याच्या छातीवरचे काढून घेणे हा मोघमपणाच. पण मग छातीवरचे काढायचेच असेल तर ते हुकूम देण्याच्या जागी बसलेल्यांचे. ते व्हायला 2024 चा सप्टेंबर उजाडला, आणि तेव्हाही मोजक्याच अधिकाऱ्यांची पदके गेली, त्यांची नावे सांगितली गेली नाहीत. स्वतः कॅम्पबेल 2011 मध्ये त्या भागातल्या ऑस्ट्रेलियन फौजांचे प्रमुख होते.

2024 च्याच मे महिन्यात या प्रकरणाशी संबंधित कागद पत्रकारांना देणाऱ्या माजी लष्करी वकील डेव्हिड मॅकब्राइड यांना पाच वर्षे आठ महिन्यांची शिक्षा झाली. ते काही निखळ नायक नाहीत. सैनिकांची नको तितकी चौकशी होते आहे, हीच त्यांची मूळ तक्रार होती. पण तोवर एकाही सैनिकाला शिक्षा झालेली नव्हती. आधी तुरुंगात गेला तो दार किलकिले करणारा.

एवढे असूनही ऑस्ट्रेलियाने प्रश्न स्वतःहून विचारला आणि उत्तर छापले, हे मान्य करावे लागते. आपल्याकडे 4 डिसेंबर 2021 रोजी नागालँडमधल्या ओटिंगजवळ पॅरा विशेष दलाच्या जवानांनी कोळसा खाणीतून घरी परतणाऱ्या सहा मजुरांना गाडीतच गोळ्या घातल्या. माणसे ओळखण्यात चूक झाली, असे सांगण्यात आले. कैद्याला ठरवून मारणे आणि चुकीच्या माहितीवर गोळी झाडणे यांना एका तराजूत घालणे अन्यायाचे होईल. पण चूक होती का, कशी झाली, गुप्त माहिती कुणी तपासली, हे ठरवायचे कुठे? राज्य पोलिसांनी तीस जवानांवर आरोपपत्र ठेवले. सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्याखाली केंद्राने खटल्याला परवानगी नाकारली आणि सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कारवाई बंद केली, लष्कराला स्वतःची शिस्तभंगाची कारवाई करायला मोकळीक ठेवून. परवानगी मिळाली तर खटला पुन्हा चालू शकतो. परवानगी द्यायची ती मात्र ज्यांच्या हुकमतीखाली हे दल आहे, त्या संरक्षण मंत्रालयानेच.