दाखला आणि साक्ष

आमच्या घरात श्रद्धेची परीक्षा शाळेच्या दाखल्याच्या रूपाने आली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला; ख्रिस्ती झालेल्या दलितांना आजही नाही. बाप्तिस्म्याबरोबर जात गेली, असं कायदा धरून चालतो. ती गेली असती तर आमच्या आईला पंगतीत शेवटी बसावं लागलं नसतं.

वडिलांनी माझ्या दाखल्यावर ‘ख्रिस्ती’ लिहवलं. चुलत भावाच्या, म्हणजे आमच्या दादाच्या दाखल्यावर वेगळं लिहिलं गेलं. त्याला नोकरी लागली आणि ती जपायची म्हणून त्याने उपासनेला येणं सोडलं. याबद्दल मी त्याला कधी बोलले नाही. घरात सात माणसं खाणारी होती. पण एका नाताळच्या आधी आमच्या घरच्या प्रार्थनेवर काही लोकांनी हरकत घेतली, पैसे वाटून धर्म बदलता म्हणाले. बैठक बसली. दादाला विचारलं, तू यांच्यातलाच ना? आमच्याच ओसरीवर गायनं म्हणत मोठा झालेला दादा म्हणाला, “यांचा आमचा काही संबंध नाही.” हरकत घेणाऱ्यांचं बोलणं मी त्याच आठवड्यात विसरले. दादाचं ते वाक्य बरीच वर्षं विसरता आलं नाही.

त्या वर्षांत मला आधार वाटला तो पंडिता रमाबाईंचा. आमच्या मांडवगणहून भीमा ओलांडली की दौंड तालुका, आणि त्यातच केडगाव, रमाबाईंचं मुक्ती मिशन. माझी आजी 1918 च्या तापाच्या साथीत पोरकी झाली आणि मुक्तीत वाढली. तिने रमाबाईंना पाहिलं होतं. पांढरं लुगडं, कानांनी कमी ऐकू येणं, एवढंच ती सांगायची.

कलकत्त्याच्या विद्वानांनी 1878 मध्ये रमाबाईंना ‘सरस्वती’ ही पदवी दिली. 1882 मध्ये पुण्यानेही त्यांचं स्वागत केलं. पुढच्याच वर्षी, 29 सप्टेंबरला, इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मायदेशी परतून 11 मार्च 1889 रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडलं, ते पुढच्या वर्षी पुण्याला आणलं. अटी ठरलेल्या होत्या: विधवा मुलींना धर्म शिकवायचा नाही, त्यांचे आचार मोडायचे नाहीत. स्वतःसाठी त्यांनी आपली प्रार्थना आणि बायबलवाचन तेवढं राखून ठेवलं. प्रार्थनेच्या वेळी मात्र त्या खोलीचं दार लावून घेत नसत. हळूहळू काही मुली आत येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने झोड उठवली. 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

रानड्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या शब्दावर लोकांनी आपल्या लेकी तिथे पाठवल्या होत्या. पण रमाबाईंच्या बाजूने विचार करून पाहा. एक कडी लावली असती तर संस्था वाचली असती, मित्र राहिले असते, आणि करारही अक्षरशः पाळला गेला असता. त्यांनी ती लावली नाही. मुलींना बोलवायचं नाही हा शब्द त्यांनी पाळला. आलेलीला घालवून द्यायचं नाही, हे त्यांच्या प्रभूचं होतं.

दबाव आपल्याच लोकांकडूनही असतो, हे फार कमी जण सांगतात. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांनी रमाबाईंना आईच्या मायेने वागवलं, पण आज्ञाधारकपणाही मागितला. चेल्टनहॅमला रमाबाई पुरुषांना शिकवणार म्हटल्यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. एका पुरोहितवर्गाच्या हाताखालून सुटलेल्या या बाईने दुसऱ्याच्या हाताखाली जायचं साफ नाकारलं. प्रश्न विचारत राहिल्या, शाकाहारी राहिल्या, आणि ख्रिस्ताला सोडलं नाही. 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून त्यांनी केडगाव वसवलं. 1921 मध्ये मनोरमा, एकुलती एक मुलगी, गेली. तरी त्यांचं बायबलच्या मराठी भाषांतराचं काम चालू राहिलं. ते हातावेगळं झालं आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. 1893 चा हिशेब कोणाशी चुकता करण्यात त्यांनी आयुष्य घालवलं नाही.

आता दादा निवृत्त झाला आहे आणि पुन्हा उपासनेला येऊ लागला आहे. त्याला प्रभुभोजन द्यावं का, यावर मंडळीत दोन तट आहेत. काहींचं म्हणणं, आधी त्याने सर्वांसमोर उभं राहून माफी मागावी. मलाही वाटतं की ज्या बैठकीत तो खोटं बोलला, त्या लोकांना त्याने एकदा खरं सांगावं. पण योहानकृत शुभवर्तमान मी पुन्हा पुन्हा वाचते तेव्हा क्रम वेगळा दिसतो. पेत्राने कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत तीनदा येशूला नाकारलं. पुनरुत्थानानंतर तिबिर्य समुद्राच्या काठी येशूने तसाच विस्तव पेटवला, त्यावर मासे भाजले आणि आधी पेत्राला न्याहारी दिली. मग त्याला तीनदा प्रीतीबद्दल विचारलं, आणि मेंढरं सांभाळायला सांगितली. त्या रात्रीचा उल्लेखही नाही. त्याच यरुशलेमेत, हन्ना आणि कयफा यांच्यासमोर, पेत्र उभा राहिला आणि साक्ष दिली ती त्यानंतर. ज्या रात्री धरून दिला गेला त्या रात्री येशूने यहूदाचेही पाय धुतले होते. तो परत येणार नाही हे ठाऊक असताना.

म्हणून मंडळीच्या सभेत मी म्हटलं, दादाला आधी मेजाशी बसू द्या. साक्ष द्यायचं बळ माणसाला तिथूनच मिळतं. ते घेऊन या, मग वाढू, असं म्हणायचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. यावर मंडळीतले एक वडील म्हणाले की असं केलं तर दाखल्यासाठी वाट्टेल ते लिहून घेणाऱ्यांना मोकळं रान मिळेल. त्यांची काळजी खरी आहे. त्यांच्या मुलाने ‘ख्रिस्ती’ लिहून नोकरी गमावली आहे, आणि तो मुलगा सभेत मागे बसला होता. त्याच्याकडे बघून मला नीट उत्तर देता आलं नाही.

निर्णय झालेला नाही. पाळकांनी पुढची सभा ठेवली आहे. त्या मुलाने आपलं म्हणणं मांडावं म्हणून मी त्याच्या घरी जाऊन आले. तो येतो म्हणाला आहे.