मैदान उठल्यावर

आम्ही विश्रामबागला राहतो. सांगली आणि मिरज या दोन गावांच्या मधली ही वस्ती. १९१९ चे विलिंग्डन कॉलेज, १९४७ चे वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज आणि त्यांच्या आजूबाजूने वाढत गेलेले बंगले, अपार्टमेंट, क्लासेस, दवाखाने. शाळा सुटल्यावर घरी येताना वाटेत एक मंगल कार्यालय लागते. त्याच्या फाटकाशी एक वयस्कर गृहस्थ खुर्ची टाकून बसलेले असतात. अंगात वॉचमनचा निळा शर्ट, तोही खांद्यात दाटलेला. गुडघ्याला पट्टा. आणि दोन्ही कान मोडून, सुजून गोळा झालेले. ज्याने तालमीची पायरी एकदा जरी चढली आहे, त्याला ते कान ओळखायला वेळ लागत नाही. सगळे त्यांना आप्पा म्हणतात.

आप्पांकडे आमचे लक्ष गेले ते एका मुलाच्या प्रश्नामुळे. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. सातवीच्या वर्गात मधल्या सुट्टीत मुले परदेशी मल्लांची पत्त्यांसारखी कार्डे खेळत होती. बाकावरून उडी मारून एकाने दुसऱ्याला पाडलेही. आम्ही रागावलो, तेव्हा एकाने विचारले, "सर, वो लोगां सच्ची मारते क्या झूटमूट?" झूटमूट, असे आम्ही सांगितले. त्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "फिर वो घर जाके क्या करते सर?"

मुले हसली. आम्हीही हसलो. पण बी.एड.ला शिकलेल्या प्रश्नोत्तराच्या कुठल्याही पद्धतीत या प्रश्नाचे उत्तर सापडेना.

त्या परदेशी खेळाबद्दल आमचे ज्ञान बेताचेच. एक गोष्ट मात्र ठाऊक आहे. २३ मे १९९९ रोजी अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे ओवेन हार्ट हा मल्ल छताकडून दोरीच्या आधाराने रिंगणात उतरत होता. तो पडला आणि मरण पावला. खेळ थोडा वेळ थांबला आणि पुन्हा सुरू झाला. तिथले मल्ल कंपनीचे नोकर मानले जात नाहीत, कंत्राटी मानले जातात. त्यामुळे औषधपाण्याची बरीचशी काळजी ज्याची त्याला. म्हणजे मार खोटा असेल, पण दुखणे खरे असते. आमच्या वर्गातल्या मुलाने नकळत याच दुखण्यावर बोट ठेवले होते.

अमेरिका राहू द्या. आमचा मुलूख तर कुस्तीचाच. कोल्हापूरचे खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांनी बांधले आणि १९१२ मध्ये ते सुरू झाले तेव्हा गामाचा भाऊ इमामबक्ष त्या मातीत लढला. पहिली महाराष्ट्र केसरी गदा १९६१ मध्ये दिनकर दह्यारींनी घेतली. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये आमच्या कवठे पिरानच्या मारुती माने यांनी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणले. पुणवतच्या गणपतराव आंदळकरांनीही तिथेच सुवर्ण मिळवले. मार्च २०२३ मध्ये सांगलीतच पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि ती तुंगच्या प्रतीक्षा बागडीने जिंकली. कोल्हापूरच्या बाबूजमाल तालमीत गणपती बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. तालमीत जात विचारतात ती वजनाची, असे जुने वस्ताद म्हणत. ते शंभर टक्के खरे होते असे आम्ही म्हणणार नाही, पण बरेचसे खरे होते.

मैदानाचे हे झाले. मैदान उठल्यावर काय?

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी झाली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझ पदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मग या माणसाने काय केले? कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले आणि त्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवले. १९५५ मध्ये ते पोलिसात फौजदार झाले, सहायक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, पेन्शनसाठी झगडत राहिले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. पद्म पुरस्कारासाठी घरच्यांना वर्षानुवर्षे अर्जविनंत्या कराव्या लागल्या. आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन झाला आहे, आम्ही शाळेत तो पाळतोही. मुलांना पदकाची गोष्ट सांगताना गहाणाची गोष्टही सांगतो. मुलांना दुसरीच जास्त आवडते.

गामा पहिलवानाचे आयुष्य तर सर्वांना माहीत. १९१० मध्ये लंडन गाजवलेला, १९२८ मध्ये पतियाळाला झिबिस्कोला काही क्षणांत चीत करणारा रुस्तम-ए-जमान. फाळणीच्या वेळी लाहोरात आपल्या मोहल्ल्यातील हिंदूंच्या रक्षणासाठी तो उभा राहिला. आणि १९६० मध्ये गेला तेव्हा आजाराने आणि तंगीने गांजलेला होता. बिर्लांनी सरहद्दीच्या अलीकडून त्याला मदत पाठवली असे सांगतात. ज्याचे नाव अजून दोन्ही देशांत ताकदीला उपमा म्हणून घेतले जाते, त्या माणसाची ही गत.

सगळ्यांचेच असे झाले, असा बोभाटा करणे मात्र खोटेपणाचे होईल. आंदळकरांनी मोतीबाग तालमीत पुढच्या पिढ्या घडवल्या. अनेक मल्ल पोलिसात, रेल्वेत लागले. सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन देऊन सांभाळले. सरकारही मानधन देते. जानेवारी २०२३ मध्ये त्यात वाढ जाहीर झाली. पण हे सारे वरच्या पायरीवरच्यांसाठी. महाराष्ट्र केसरीची गदा मोजक्यांनाच मिळते. जत्रेच्या मैदानात नारळावरच्या कुस्तीपासून लाखाच्या कुस्तीपर्यंत लढणारे बाकीचे शेकडो, ते कुठे जातात? तर ते मंगल कार्यालयाच्या फाटकावर येतात.

आप्पांशी हळूहळू ओळख झाली. तासगावकडचे. तरुणपणी सांगली, सातारा, कोल्हापूर आणि बेळगावकडची मैदाने केलेली. डाव कुठला आवडायचा म्हणून विचारले तर खुर्चीतूनच हातांनी ढाक लावून दाखवली, आणि आम्ही दोन पावले मागे सरलो. खुराक बंद झाला तरी भूक बंद व्हायला दहा वर्षे लागली, असे ते म्हणाले. पहिलवानाने कुस्ती सोडली की त्याचे शरीर त्याच्याच अंगावर येते. ज्या गुडघ्याने तीसेक वर्षांपूर्वी गावाला फेटे उडवायला लावले, तो आता जिना चढू देत नाही. गावात गेल्यावर लोक ओळखतात का, या प्रश्नावर म्हणाले, "वळकत्यात की. चहा पाजत्यात. चहाच पाजत्यात." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, म्हणून आम्हाला जास्त लागले.

आता मूळ प्रश्न. एखाद्या माणसाने आपल्या आनंदासाठी शरीर झिजवले, तर त्याचा आपल्यावर काही हक्क राहतो का?

आमचे एक सहकारी गणित शिकवतात. त्यांचे म्हणणे असे की नाही राहत. इनाम दिले, हिशेब मिटला. कुणी त्याला हौद्यात उतरायला सांगितले नव्हते. आणि शरीर काय फक्त पहिलवानच झिजवतो? मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारा हमाल, ऊसतोड मजूर, विटा वाहणारी बाई, यांच्या पाठी मोडत नाहीत? त्यांच्यासाठी कुणी लेख लिहितो का?

हा आक्षेप वरवरचा नाही. आम्ही बरेच दिवस त्यात अडकलो होतो. हमालाचा हक्क पहिलवानापेक्षा तसूभरही कमी नाही, हे आम्हाला मान्य आहे. कष्टकऱ्याची मजुरी त्याचा घाम वाळण्याआधी द्यावी, ही शिकवण आपल्या घराघरांत आहे. पण एक फरक आहे. हमालाला आपण 'आमचा' म्हणत नाही. त्याला त्याचा भाव ठाऊक असतो, आपल्यालाही. पहिलवानाला मात्र अख्खा गाव 'आमचा पहिलवान' म्हणतो. हलगीच्या तालावर त्याला खांद्यावर घेतो, त्याच्या जयात आपला जय मानतो, त्याच्या पराजयाने रात्री जेवत नाही. हे सगळे एकवीस-बावीस वर्षांच्या पोराला ऐकवले जाते. त्या वयात ते कुणाला खरे वाटणार नाही? त्या भरवशावर तो शाळा सोडतो, धंदा शिकत नाही. टाळी वाजवणाऱ्याने काही लिहून दिलेले नसते हे खरे. पण उर्दूत ज्याला जबान देणे म्हणतात, ते झालेले असते. त्या परदेशी खेळात पडणे खोटे असते. आमच्याकडे पडणे खरे असते, आपलेपणाचेच काय ते सांगता येत नाही.

हे लिहिताना आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवत आहोत असे वाचकांना वाटेल, म्हणून आमची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एक मुलगा होता. शालेय कुस्ती स्पर्धेत तो तालुक्याला पहिला आला, जिल्ह्याला लढला. शाळेने हार घातला, फोटो कार्यालयात लावला. पालकसभेत त्या फोटोकडे हात करून आम्ही बोलायचो. तो सरावाला जायचा तेव्हा त्याची हजेरी आम्हीच लावत होतो. वहीत काही नसायचे, तरी वरच्या वर्गात ढकलत होतो. सगळे त्याच्या प्रेमापोटी, अशी आमची समजूत. दहावीत तो तीन विषयांत गेला. खांदा निखळला म्हणून कुस्तीही सुटली. नंतर एकदा शंभर फुटी रस्त्यावर एका इमारतीला रंग देताना तो दिसला. परातीवरून खाली वाकून त्याने सलाम केला. "सर, फोटो है क्या अभी?" एवढेच विचारले. आम्ही हो म्हणालो. खरे तर शाळेच्या रंगकामात तो फोटो कधीच उतरला होता. रंग देणे वाईट काम नाही, हलालची कमाई आहे. पण जे त्याला यायला हवे होते, ते शिकवणे आमचे काम होते, आणि त्याच्या गळ्यातल्या हाराआड आम्ही ते चुकवले.

गामाला तंगीत टाकणारे लोक आम्हाला आता तितके दूरचे वाटत नाहीत.

हे आठवायचे कारण म्हणजे, सातवीतला तो मागच्या बाकावरचा मुलगा, 'घर जाके क्या करते' विचारणारा. त्याचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. गेल्या महिन्यात ते शाळेत आले. मुलाला कोल्हापूरच्या तालमीत ठेवायचे म्हणाले. त्यांच्या मोबाईलवर सिकंदर शेखचे चित्र होते. मोहोळच्या हमालाचा मुलगा. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या स्पर्धेत महेंद्र गायकवाडविरुद्धच्या लढतीतील गुणांवरून अख्खा महाराष्ट्र त्याच्यासाठी भांडला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो महाराष्ट्र केसरी झाला. आमच्या या हमालभाईंना त्या बापात स्वतःचा चेहरा दिसत होता, त्यात नवल ते काय?

आम्ही शिक्षकाला शोभेल असे सगळे सांगितले. शिक्षण, दहावी, हजारांत एक वर जातो, बाकीचे कुठे जातात. खुराकाचा खर्च तुमच्या कमाईएवढा आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग रुकाना पहिलवानाची गोष्ट काढली. हजरत मुहम्मद (स.) यांनी त्याच्याशी कुस्ती केल्याची रिवायत आहे, म्हणजे ही काही हलकी गोष्ट नव्हे. ती हलकी नाही, हे आम्हालाही मान्य होते. शेवटी ते म्हणाले, "सर, तुमे पढाके क्या गॅरंटी देते, बोलो. मेरे भाई का बच्चा बी.एड. होके घरमें बैठा है."

आम्ही स्वतः डी.एड., बी.एड., टीईटी करून शिक्षणसेवकाच्या तुटपुंज्या मानधनावर वर्षे काढलेली. गॅरंटी आम्हाला कोणी दिली होती? पण एक गोष्ट त्यांना सांगता आली. तालमीत घाला, नाहीतर घालू नका; पण वस्तादांना पहिल्या दिवशी विचारा, की याच्या शाळेचे काय, आणि हाड मोडले तर दवाखान्याचे काय. मुलगा इथेच राहिला तर पहाटे सराव करू दे, हजेरी मात्र आम्ही खोटी लावणार नाही. ते उठले. विचार करतो म्हणाले.

त्या संध्याकाळी आम्ही आप्पांजवळ थांबलो. सगळी हकीगत सांगितली आणि विचारले, "आप्पा, तुम्ही तुमच्या नातवाला घालाल का तालमीत?"

आप्पा बराच वेळ मातीकडे बघत बसले. मग म्हणाले, "पोराची मान कशी हाय?" आम्ही म्हणालो, जाड आहे. त्यांचे डोळे एकदम लकाकले, आणि लगेच त्यांनी ते दुसरीकडे वळवले. तेवढ्यात वऱ्हाडाची बस आली. खुर्चीच्या हातावर जोर देऊन, गुडघा सांभाळत ते उठले आणि फाटक उघडायला गेले. उत्तर राहून गेले.

हमालभाई रविवारी पुन्हा येणार आहेत. मुलाला घेऊन आप्पांकडेही जाऊ, असे आम्ही त्यांना कळवले आहे.