घर तिथंच, गाव बदललं

हैदराबादच्या सुलतान बाजारात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी १९३३ साली बिऱ्हाड न हलवता गाव बदललं. तोवर हा भाग ‘रेसिडेन्सी बाजार’ म्हणून इंग्रज रेसिडेंटच्या अंमलाखाली होता. त्या वर्षी तो निजामाकडे परत आला. त्याच वर्षी १८८६ पासून वेगळा कारभार करणारी मुसी नदीच्या उत्तरेकडची चादरघाट नगरपालिकाही हैदराबादच्या नगरपालिकेत मिसळली. विवेकवर्धिनी शाळा, मराठी ग्रंथसंग्रहालय, काचीगुड्यातली मराठी घरं, हा सगळा परिसर अशा हद्दींच्या सांध्यावरच वाढला. घरपट्टी कुठे भरायची, गटार तुंबलं तर कुणाचं दार ठोठावायचं, हे वरून ठरायचं आणि लोकांना मागाहून कळायचं. राजाच्या अमलात यात काही नवल नव्हतं. नवल याचं, की राजा गेल्यावरही रीत तीच राहिली.

१९६० मध्ये सिकंदराबादची वेगळी महापालिका हैदराबादमध्ये विलीन झाली. २००७ मध्ये भोवतालच्या १२ नगरपालिका सामावून ‘ग्रेटर’ हैदराबाद झालं. २०२५ संपता संपता आणखी २७ गावं-शहरं त्यात आली, क्षेत्रफळ दोन हजार चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं आणि वॉर्ड दीडशेचे तीनशे झाले. एवढं मोठं करून झाल्यावर कारभारासाठी पुन्हा त्याचे तुकडे पाडावेत का, याची चर्चाही लगेच सुरू झाली.

या २७ जणांमधल्या निझामपेटची हकीकत बघण्यासारखी आहे. काल-परवापर्यंत ती ग्रामपंचायत होती. २०१९ मध्ये थेट महानगरपालिका झाली. जानेवारी २०२० मध्ये निवडणूक झाली, महापौर आले, नगरसेवक आले. पाच वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, मुदत संपली. नवी निवडणूक झाली नाही, अधिकाऱ्यांच्या हाती कारभार गेला आणि वर्ष सरायच्या आत महानगरपालिकाच उरली नाही. माणसाची दहावी-बारावी व्हायला लागतो त्याहून कमी काळात एक गाव पंचायत, महानगरपालिका आणि मोठ्या शहराचा कोपरा, असं सगळं होऊन गेलं. विलीनीकरणाचा ठराव हैदराबादच्या सभागृहात झाला. ज्यांना विलीन व्हायचं होतं त्यांच्यापैकी बहुतेकांकडे ठराव करायला निवडून आलेलं कुणी जागेवरच नव्हतं.

मला खटकतो तो हा क्रम. विलीनीकरण चांगलं की वाईट, हा वाद नंतरचा. आधी खुर्ची रिकामी होते, ती रिकामीच ठेवली जाते, लोक वैतागतात, आणि मग विलीनीकरण उपाय म्हणून समोर येतं.

सिकंदराबाद कँटोन्मेंटमध्ये हेच संथ गतीने चाललंय. पुणे, खडकी, देहूरोड, देवळालीच्या वाचकांना हा कारभार नवा नाही: मंडळाचा अध्यक्ष लष्करी अधिकारी, निवडून आलेले सदस्य निम्मे, आणि कायदा केंद्राचा. सिकंदराबादमध्ये आठ वॉर्ड. शेवटची निवडणूक २०१५ मध्ये झाली. मुदतवाढ देऊन देऊन २०२१ पर्यंत गाडी ओढली, त्यानंतर नेमलेलं मंडळ. एप्रिल २०२३ साठी जाहीर झालेली निवडणूक महिनाभर आधी मागे घेतली गेली, कारण एव्हाना नागरी वस्ती महापालिकेत देण्याचा विचार सुरू झाला होता. बोवेनपल्ली-तिरुमलगिरीकडच्या माणसाला विचारलं तर तो विलीनीकरणाच्याच बाजूने बोलतो. लष्कराने बंद केलेले रस्ते, घरावर मजला चढवायला आडवे येणारे नियम, राज्य सरकारच्या योजना हद्दीपाशी अडणं, या तक्रारी खऱ्या आहेत. पण आठ नगरसेवकांच्या जागी मोठ्या महापालिकेतल्या दोघा-चौघांवर आपण समाधान मानणार, हा हिशेब तो करत नाही. करायचा तरी कसा? शेवटचं मत देऊन त्याला दहा वर्षं उलटली, नगरसेवक म्हणजे काय हेच विसरायला झालंय.

लहान ते सगळं सोज्वळ, असं मात्र मी म्हणणार नाही. शहराच्या कडेच्या छोट्या नगरपालिकांत जमिनीचे भाव आणि नगरसेवकपद यांचं नातं फार जवळचं असतं. तळ्याच्या काठावर इमारती उठल्या त्या काही आपोआप उठल्या नाहीत. ऑक्टोबर २०२० च्या पुरात नाल्यांनी कुणाचीही हद्द मानली नाही. पाणी, नाले, तळी, मोठे रस्ते यांचा विचार एकत्रच व्हायला हवा.

पण तो बराचसा तसा होतोच आहे, आणि तोही महापालिकेबाहेर. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण १९८९ पासून वेगळ्या मंडळाकडे आहे. नियोजन २००८ पासून महानगर विकास प्राधिकरणाकडे. तळी आणि आपत्ती २०२४ पासून ‘हायड्रा’ या नव्या यंत्रणेकडे. ही सगळी नेमलेल्या माणसांची दुकानं. महापालिकेच्या वाट्याला मुख्यतः उरतं ते कचरा, दिवे, गल्लीतला रस्ता, डास, घरपट्टी, बांधकामाचा परवाना. म्हणजे जी कामं मोठ्या आवाक्याची, त्यातली बरीच निवडून आलेल्यांच्या हातून आधीच गेली. आणि जी दाराजवळची, तीच करणारी संस्था आपण मोठी मोठी करत चाललो. एवढ्या मोठ्या सभागृहात निझामपेटच्या एखाद्या गल्लीतला दिवा किती वेळ चर्चेत राहील?

जून २०२३ मध्ये काचीगुड्यात वॉर्ड कार्यालय उघडलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं. कल्पना चांगली: इंजिनिअर, सफाईचा माणूस, डासवाला, नगररचनेचा सहायक, पाणी मंडळाचा प्रतिनिधी, विजेचा लाइनमन, साधारण दहा जण एका छताखाली. तक्रार घेऊन पाच ठिकाणी हिंडायला नको. पण या दहा जणांत वॉर्डातला नागरिक एकही नाही. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली तेव्हापासून मोठ्या शहरांत वॉर्ड समित्या असाव्यात असं घटनेतच लिहिलंय. त्या कधी नेमल्या गेल्या, कधी विसरल्या गेल्या; माझ्या ओळखीतल्या कुणालाही त्यांच्या बैठकीचं बोलावणं आलेलं नाही. वर्षानुवर्षं निवडणूक न घेण्यात हे शहर तसं मुरलेलंही आहे: १९८६ नंतरची महापालिका निवडणूक थेट २००२ मध्ये झाली.

हा आजार तेलंगणातलाच, असं समजायचं कारण नाही. पुण्याने २०१७ मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं आत घेतली. पुढे कर आणि सुविधांवरून कुरबुर वाढली आणि २०२४ मध्ये तीच गावं बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. अमेरिकेतल्या कित्येक लहान गावांत गावाच्या सनदेत, म्हणजे कारभाराच्या मूळ नियमांत, बदल करायचा तर मतदारांपुढे जावं लागतं. आपल्याकडे राजपत्रात अधिसूचना निघाली की काम झालं.

सार्वमताची चैन आपल्याला परवडणार नाही, असं कुणी म्हणेल. बरं, नको. एवढीच दुरुस्ती करा: ज्या गावचं निवडून आलेलं सभागृह जागेवर नाही, त्या गावची हद्द बदलणारी अधिसूचना काढता येणार नाही. आधी निवडणूक, मग त्या सभागृहात चर्चा, मग काय तो निर्णय. ठराव सरकारवर बंधनकारक नसला तरी चालेल. निदान निझामपेटच्या किंवा तिरुमलगिरीच्या एखाद्या नगरसेवकाला उभं राहून विचारता येईल, की आमच्या तळ्याचं, आमच्या सफाई कामगारांचं आणि आम्ही भरलेल्या घरपट्टीचं पुढे काय होणार. आणि त्याचं उत्तर इतिवृत्तात लिहिलं जाईल.